राइट यशस्वी, तार गप्प: एम्बेडेड लिनक्सवरच्या एका मुक्या सिरीयल पोर्टचं प्रकरण

## पार्श्वभूमी

प्रकरण वीजमीटरच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका गेटवेचं आहे. आत एनएक्सपीचा आय.एमएक्स ६ अल्ट्रालाइट प्रोसेसर, त्यावर एम्बेडेड लिनक्स, आणि बाहेर आरएस-४८५ ची दोन तारांची बस, म्हणजे सगळ्या मीटरांना जोडणारी सामायिक तार. बसवरचे मीटर मोडबस आरटीयू हा प्रोटोकॉल बोलतात: ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, सम पॅरिटी, १ स्टॉप बिट. गेटवे दर सेकंदाला एक विचारणा पाठवतो. विचारणेची फ्रेम ८ बाइटची असते. त्यात पत्ता १, फंक्शन १, सुरुवातीचं रजिस्टर २, रजिस्टरांची संख्या २ आणि सीआरसी (चूक ओळखणारा तपासणी आकडा) २. स्टार्ट बिट धरून एका बाइटला ११ बिट लागतात, म्हणजे अख्खी फ्रेम तारेवर सुमारे ९.२ मिलिसेकंद टिकते. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

बोर्डाची ही दुसरी आवृत्ती होती. पहिल्या आवृत्तीत यूएआरटी ३ ला, म्हणजे प्रोसेसरच्या तिसऱ्या सिरीयल पोर्टला, सेल्युलर मोडेम जोडलेला होता. टीएक्स (पाठवण्याची), आरएक्स (घेण्याची) आणि फ्लो कंट्रोलच्या, म्हणजे ‘थांब’ किंवा ‘पाठव’ सांगणाऱ्या, आरटीएस, सीटीएस अशा चारही रेषा वापरात होत्या. दुसऱ्या आवृत्तीत मोडेम यूएसबीवर गेला. यूएआरटी ३ च्या टीएक्स आणि आरएक्स रेषा बसवर सिग्नल देणाऱ्या-घेणाऱ्या आरएस-४८५ ट्रान्सीव्हरला मिळाल्या आणि फ्लो कंट्रोलचे दोन पॅड (चिपच्या पिना) कशालाच न जोडता मोकळे राहिले. ट्रान्सीव्हरची डीई, म्हणजे ड्रायव्हर चालू-बंद करणारी पिन, वेगळ्या जीपीआयओवर, म्हणजे सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणाऱ्या पिनेवर, घेतली होती. रिसीव्हरची आरई पिनही तिलाच बांधलेली.

सॉफ्टवेअरच्या बाजूला डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) सांगणारी फाइल, पहिल्या आवृत्तीवरून उचललेली होती. ॲप्लिकेशन मात्र नवं होतं आणि ते बोर्ड हातात येण्याआधीच लॅपटॉपवर, यूएसबी-आरएस-४८५ अडॅप्टर लावून तयार झालं होतं. असे बहुतेक अडॅप्टर दिशा आपोआप बदलतात. लॅपटॉपवर सगळे मीटर उत्तर देत होते.

## लक्षणं

नव्या बोर्डावर एकही मीटर बोलेना. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये प्रत्येक विचारणेपुढे ‘उत्तर नाही, वेळ संपली’ एवढंच. पोर्टवर बाइट लिहिणारा राइट कॉल दर वेळी ८ परत देत होता, म्हणजे आठही बाइट स्वीकारले गेले होते. कर्नलच्या लॉगमध्ये तक्रारीची एक ओळ नाही. टीएक्स पॅडवर स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण) लावला तर ३.३ व्होल्टची सरळ रेघ. एकही कड नाही.

आणखी दोन गोष्टी घडत होत्या, पण त्या ‘ॲप्लिकेशनमधले किरकोळ बग’ म्हणून वेगळ्या यादीत टाकल्या गेल्या. एक, सुरू केल्यापासून साधारण साडेआठ मिनिटांनी ॲप्लिकेशन गोठत होतं. दोन, सेवा थांबवायला सांगितली की ती लगेच न थांबता ३० सेकंद अडून राहायची. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी मुख्य तक्रारीशेजारी मांडल्या असत्या तर पुढचा बराचसा वळसा टळला असता.

## पहिला अंदाज: बोर्डच खराब

टीमने हार्डवेअरवर बोट ठेवलं. पुरावे तीन होते. स्कोपवर काही दिसत नाही. बोर्डावर मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्राम चालवून टाइप केलं तरी टीएक्स हलत नाही, म्हणजे दोन वेगळे प्रोग्राम एकाच जागी अडतात. शिवाय टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडून केलेली लूपबॅक चाचणीही फसते. दोन बोर्ड तपासणीला गेले. टीएक्सचा मार्ग प्रोसेसरच्या पॅडपासून ट्रान्सीव्हरपर्यंत अखंड निघाला.

तिन्ही पुरावे ऐकायला भक्कम वाटतात, पण तिन्हींना एकच भोक आहे. कर्नलने फ्लो कंट्रोलमुळे बाइट रोखून धरले असतील तर स्कोपवर हेच दिसेल. मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच ‘होय’ असतं. ते हाताने बंद केल्याशिवाय मिनिकॉमला स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही, कारण तो संशयिताचीच सेटिंग घेऊन येतो. लूपबॅकमध्ये फक्त टीएक्स-आरएक्स जोडल्याने सीटीएसचा प्रश्न जागच्या जागी राहतो. फ्लो कंट्रोल चालू असलेल्या पोर्टची लूपबॅक चाचणी करायची तर आरटीएस-सीटीएसही जोडावे लागतात.

लॅपटॉपवर चालतं, बोर्डावर नाही, या तुलनेचंही तसंच. त्या दोन जागांमध्ये प्रोसेसर, ड्रायव्हर, पोर्टची सुरुवातीची सेटिंग आणि दिशा बदलण्याची पद्धत असं सगळंच वेगळं होतं.

## निर्णय: साखळी नेमकी कुठे तोडून पाहायची

बाइट ॲप्लिकेशनमधून निघून तारेवर पोचेपर्यंत या मजल्यांवरून जातो: राइट कॉल, सिरीयल कोअरचा बफर, ड्रायव्हर, यूएआरटीचा फिफो (छोटी रांग), शिफ्ट रजिस्टर, पिनमक्स (कोणता पॅड कोणत्या कामाला हे ठरवणारी जोडणी), पॅड, ट्रान्सीव्हर, बस. टीमसमोर चार मार्ग होते.

ट्रान्सीव्हर बदलून पाहणं. यात सोल्डरिंग आलं, आणि टीएक्स पॅडच सपाट असताना त्यापुढचा भाग बदलण्यात अर्थ नव्हता. पिनमक्सची नोंद वाचणं. डीबगएफएसमधल्या पिनकंट्रोलच्या फायलीत कोणता पॅड कोणाकडे आहे ते कळतं. काम सोपं, पण उत्तर एकाच मजल्यापुरतं. कर्नलमध्ये ट्रेस लावणं. हा नेमका मार्ग, पण त्या इमेजमध्ये ट्रेसिंग बांधलेलं नव्हतं, म्हणजे आधी कर्नल पुन्हा बांधा. आणि चौथा, ड्रायव्हरचा मोजणी आकडा पाहणं.

चौथा निवडला गेला, कारण त्याला एक मिनिट लागतं आणि तो साखळी मधोमध कापतो. ‘/प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/’ या डिरेक्टरीत प्रत्येक सिरीयल ड्रायव्हरची एक फाइल असते. या चिपसाठी तिचं नाव ‘आयएमएक्स-यूएआरटी’. ती रूट म्हणून वाचली की प्रत्येक पोर्टपुढे पाठवलेल्या आणि आलेल्या बाइटची मोजणी दिसते आणि त्या क्षणी लागू असलेल्या मोडेम रेषांची नावंही. यूएआरटी ३ म्हणजे ‘टीटीवायएमएक्ससी२’, कारण लिनक्सची मोजणी शून्यापासून सुरू होते. इथे पोर्टच चुकला नाही ना, हे आधी पाहून घ्यावं.

टीएक्सचा आकडा ड्रायव्हरने बाइट हार्डवेअरच्या हवाली केल्यावर वाढतो, राइट कॉल परतल्यावर नाही. म्हणून:

- आकडा वाढत नसेल तर बाइट कर्नलमध्येच अडलेत. कारण फ्लो कंट्रोल किंवा डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता मेमरीतून बाइट नेणारी यंत्रणा).
- आकडा वाढतोय पण पॅड सपाट असेल तर पिनमक्स, यूएआरटीची पद्धत किंवा पॅडनंतरचं तांबं पाहायचं.
- आकडा वाढतोय, पॅडही हलतोय, पण बस मुकी असेल तर ट्रान्सीव्हर आणि त्याची डीई.

वाचलेली ओळ अशी होती:

‘२: यूएआरटी:आयएमएक्स … टीएक्स:० आरएक्स:० आरटीएस|डीटीआर|डीएसआर|सीडी’

टीएक्स शून्य. रेषांच्या यादीत सीटीएस नाही. डीएसआर आणि सीडी पाहून हुरळून जाऊ नये. हा ड्रायव्हर नेहमीच्या डीसीई (मोडेमच्या बाजूची भूमिका) पद्धतीत ती दोन नावं कायम दाखवतो, बाहेर काही जोडलेलं असो वा नसो.

शून्य आकड्यामुळे पुढचे मजले निर्दोष ठरत नाहीत, हेही इथे नोंदवायला हवं. पहिला अडथळा त्यांच्या आधी आहे, एवढाच त्याचा अर्थ. एकामागे एक दोन अडथळे असू शकतात, आणि या प्रकरणात होतेच.

## चुकीच्या पिनेवर ठेवलेला प्रोब

सीटीएस गायब आहे म्हटल्यावर हार्डवेअरच्या माणसाने ‘यूएआरटी३_सीटीएस_बी’ हा पॅड मोजला. शून्य व्होल्ट. रेष शून्याला सक्रिय असते, म्हणजे सीटीएस लागू आहे, म्हणजे फ्लो कंट्रोल दोषी नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तपास पुन्हा डीएमएकडे वळला. डिव्हाइस ट्रीमधून या पोर्टची डीएमएची नोंद काढून पाहिली. काही फरक नाही.

अडचण नावांत होती. आय.एमएक्सच्या यूएआरटीत, डीसीई पद्धतीत, सीटीएस_बी नावाचा पॅड हा आउटपुट आहे आणि आरटीएस_बी नावाचा पॅड इनपुट. लिनक्स ज्याला सीटीएस म्हणतं, म्हणजे ‘समोरचा तयार आहे का’ हे सांगणारी येणारी रेष, ती या चिपवर आरटीएस_बी पॅडवरून वाचली जाते. मोजलेला शून्य व्होल्ट हा आपल्याच बाजूने ‘मी घ्यायला तयार आहे’ असं सांगणारा आउटपुट होता. दुसऱ्या चिपांची सवय झालेला कोणीही इथे फसेल. सर्किटच्या चित्रात नाव काय आहे त्यापेक्षा, संदर्भ पुस्तिकेत त्या पॅडची दिशा काय दिली आहे ते पाहणं हाच यावर उपाय.

आरटीएस_बी मोजला तेव्हा ३.३ व्होल्ट आले. का, ते डिव्हाइस ट्रीत लिहिलेलं होतं. पहिल्या आवृत्तीपासून त्या पॅडची सेटिंग ०एक्स१बी०बी१ अशी होती. तिच्यात १०० किलोओहमचा आतला पुल-अप, म्हणजे रेष वर ओढणारा रेझिस्टर, चालू असतो. मोडेम होता तेव्हा तो ही रेष खाली ओढायचा. आता मोकळ्या पॅडला पुल-अप वर धरून बसला होता, आणि यूएआरटीच्या दृष्टीने समोरचा कायमचा ‘थांब’ म्हणत होता.

## फ्लो कंट्रोल चालू कोणी केलं

‘एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएमएक्ससी२ -ए’ या पोर्टची सेटिंग दाखवणाऱ्या आज्ञेच्या निकालात ‘सीआरटीएससीटीएस’ (हार्डवेअर फ्लो कंट्रोलचा फ्लॅग) होतं, पुढे उणे चिन्ह नाही. म्हणजे चालू. ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये मात्र हा शब्द कुठेच नव्हता.

उगम बूटच्या वेळी चालणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये सापडला. मोडेमसाठी लिहिलेली एसटीटीवायची ओळ तिथे तशीच राहिली होती. सिरीयल पोर्टची टर्मिओस सेटिंग (वेग, पॅरिटी, फ्लो कंट्रोल वगैरे) पोर्ट बंद केल्यावर पुसली जात नाही. पुढचा जो कोणी पोर्ट उघडेल त्याला ती वारशात मिळते. ॲप्लिकेशन काय करत होतं? टीसीगेटॲटरने चालू सेटिंग वाचायची, तिच्यावर सीएफमेकरॉ चालवायचं, वेग आणि पॅरिटी टाकायची, परत लिहायची. सीएफमेकरॉ या नावावरून वाटतं की सगळं कोरं होत असेल. तसं नाही. ते एक्सऑन-एक्सऑफचा, म्हणजे खास बाइट पाठवून ‘थांब-चालू’ सांगणाऱ्या फ्लो कंट्रोलचा, आयएक्सऑन फ्लॅग काढतं, पॅरिटी काढतं, ८ बिट लावतं, पण सीआरटीएससीटीएसला हात लावत नाही. स्क्रिप्टने लावलेला फ्लॅग त्यातून सहीसलामत पुढे आला.

आयएक्सऑन निघून जातो हेही इथे महत्त्वाचं. बायनरी प्रोटोकॉलमध्ये ०एक्स१३ हा बाइट कधीही येऊ शकतो. आयएक्सऑन चालू राहिला तर तो बाइट एक्सऑफ समजला जाऊन पाठवणं मध्येच थांबतं. तो दोष पकडायला याहून अवघड, कारण पोर्ट आधी नीट चालतो आणि मग गप्प होतो. इथे पोर्ट पहिल्या बाइटपासून गप्प होता, म्हणून तो संशय बाजूला ठेवता आला.

आता त्या दोन ‘किरकोळ बगां’चा उलगडा होतो. राइट कॉल बाइट सिरीयल कोअरच्या बफरमध्ये टाकून परततो. तारेवर काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हा बफर एका मेमरी पानाएवढा, म्हणजे ४०९६ बाइटचा. सेकंदाला ८ बाइट या दराने तो सुमारे ५१२ सेकंदांत, साडेआठ मिनिटांत भरतो आणि पुढचा राइट कॉल अडतो. ते गोठणं हेच होतं. पोर्ट बंद करताना कर्नल उरलेले बाइट जाण्याची वाट पाहतो. या ‘क्लोजिंग वेट’ची मूळ मर्यादा ३० सेकंद. सेवा थांबायला लागणारा वेळ तो होता. ॲप्लिकेशनने प्रत्येक विचारणेआधी टीसीफ्लशने बफर रिकामा केला असता, जसं काही लायब्ररी करतात, तर दोन्ही लक्षणं दिसलीच नसती आणि हा धागाही हाती लागला नसता.

## खात्रीची चाचणी

फ्लॅग बदलून पाहण्याआधी टीमने कारण सिद्ध करणारी चाचणी केली. ॲप्लिकेशन गोठेपर्यंत चालू ठेवलं. टीएक्स पॅडवर स्कोप. मग १ किलोओहमच्या रेझिस्टरचं एक टोक ग्राउंडला धरून दुसरं आरटीएस_बी पॅडला टेकवलं. १०० किलोओहमच्या पुल-अपपुढे १ किलोओहम सहज जिंकतो, पॅड ०.०३ व्होल्टवर आला.

त्या क्षणी टीएक्सची सपाट रेघ तुटली आणि पडदा कडांनी भरून गेला. मधे विसावा नाही, एकामागून एक फ्रेम, जवळजवळ ४.७ सेकंद. ४०९६ बाइट गुणिले ११ बिट भागिले ९६०० केलं की हाच आकडा येतो. साडेआठ मिनिटांच्या शिळ्या विचारणा एका दमात बाहेर पडल्या होत्या. प्रॉकमधला टीएक्सचा आकडाही शून्यावरून चार हजारांवर गेला.

थेट फ्लॅग बदलला असता तर ‘चालू झालं’ एवढंच कळलं असतं. या चाचणीने अडवणारी रेष, साठलेला बफर आणि पॅडपर्यंतचा सगळा मार्ग एकदमच दाखवला. टीएक्सचा पिनमक्सही बरोबर असल्याचं वेगळं तपासावं लागलं नाही.

## पहिली दुरुस्ती: पर्याय

आरटीएस_बी पॅड प्रत्येक बोर्डावर ग्राउंडला जोडणं हा पर्याय चर्चेत आला आणि मागे पडला. सॉफ्टवेअरच्या चुकीसाठी तयार बोर्डांवर सोल्डरिंग करायचं कारण नव्हतं. स्क्रिप्टमधल्या ओळीत उणे चिन्ह घालणं सर्वांत झटपट; बेंचवर तेच करून पुढचं काम सुरू ठेवलं. पण कायमचा उपाय म्हणून ते नाजूक आहे. उद्या कोणी मिनिकॉम चालवून सेटिंग पूर्ववत न करता बाहेर पडलं की तोच दोष परत.

शेवटी तीन बदल एकत्र केले. डिव्हाइस ट्रीतून ‘यूएआरटी-हॅज-आरटीएससीटीएस’ ही नोंद काढली. ती नसेल तर हा ड्रायव्हर सीआरटीएससीटीएसची मागणी कोणीही केली तरी ती उतरवून टाकतो. पिनकंट्रोलच्या गटातून दोन्ही मोकळे पॅड काढले. ॲप्लिकेशनमध्ये सीआरटीएससीटीएस आणि आयएक्सऑन स्पष्ट शब्दांत बंद केले, सीलोकल (मोडेमच्या रेषांकडे दुर्लक्ष) आणि सीरीड (बाइट घेणं) चालू केले, आणि सेटिंग लिहिल्यावर पुन्हा वाचून जुळते का ते तपासलं. सेटिंग लिहिणारा टीसीसेटॲटर मागितलेल्यापैकी काही बदल जरी लागू झाले तरी यश कळवतो, म्हणून पुन्हा वाचणं ही औपचारिकता नाही. स्क्रिप्टमधली जुनी ओळ अर्थातच गेली.

## दुसरा अडथळा

आता टीएक्सचा आकडा सेकंदाला आठाने वाढत होता. पॅडवर ९.२ मिलिसेकंदांची स्वच्छ फ्रेम दिसत होती. मीटर तरीही गप्प.

मघाच्या तीन शक्यतांतली तिसरी. स्कोपचा एक प्रोब टीएक्सवर, दुसरा डीईवर. डीईवर दीड-दोनशे मायक्रोसेकंदांचा एक बारीक खांब उभा राहून पडत होता आणि फ्रेमचा जवळजवळ सगळा भाग डीई खाली असताना जात होता. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. म्हणजे ट्रान्सीव्हर जेमतेम दीड-दोन बिट बसवर ठेवून तोंड मिटत होता.

कोडमध्ये क्रम असा होता: जीपीआयओ वर, राइट, जीपीआयओ खाली. लिहिणाऱ्याने राइट परतला म्हणजे फ्रेम गेली असं धरलं होतं. पहिल्या अडथळ्याच्या वेळी तपास करणाऱ्यांनीही राइटच्या यशाकडे पाहून नेमकं हेच धरलं होतं. लॅपटॉपवरचा अडॅप्टर दिशा स्वतः बदलत असल्यामुळे ही चूक तिथे कधी उघडी पडली नाही.

## दिशा कोणी बदलायची

राइटनंतर १० मिलिसेकंद झोपायचं, हा पहिला सुचलेला उपाय. बॉड बदलला, फ्रेम लांबली की तो मोडतो. प्रोसेसरवर ताण असेल तर झोप किती लांबेल याचा भरवसा नाही. नाकारला.

टीसीड्रेन वापरून, बाइट संपल्यावर डीई खाली करायची. हे तत्त्वतः बरोबर आहे आणि बेंचवर चाललंही. एका मीटरने मात्र मधूनमधून सीआरसी चुकल्याची नोंद आणली. स्कोपवर कारण दिसलं. टीसीड्रेन हार्डवेअर रिकामं झालंय का हे थोडं झोपून, पुन्हा पाहून ठरवतं, आणि या झोपेचं सर्वांत लहान माप कर्नलच्या टिकवर (घड्याळाच्या ठोक्यावर) अवलंबून असतं. टिक १०० हर्ट्झची असेल तर एक झोप १० ते २० मिलिसेकंदांची होते. मोडबस आरटीयूत दोन फ्रेममध्ये किमान साडेतीन अक्षरांची शांतता लागते. ९६०० बॉडला ती सुमारे ४ मिलिसेकंद. चपळ मीटर ४-५ मिलिसेकंदांत उत्तर सुरू करतो, तेव्हा गेटवेची डीई अजून वरच असते. दोन ड्रायव्हर एकाच बसवर भिडतात, आणि आरई त्याच रेषेला बांधलेली असल्याने उत्तराचे पहिले बाइट ऐकूही येत नाहीत. सावकाश मीटरांवर हे कधीच दिसत नाही. बेंचवर सावकाश मीटरच लावलेला असता तर हा दोष थेट ग्राहकाकडे गेला असता.

तिसरा पर्याय, बोर्डावर स्वयंचलित दिशेचं सर्किट. पुढच्या आवृत्तीशिवाय शक्य नाही.

चौथा, कर्नलची आरएस-४८५ पद्धत. ड्रायव्हर पाठवायला सुरुवात करताना डीई वर करतो आणि शेवटचा स्टॉप बिट गेल्याची हार्डवेअरची खूण मिळाल्यावर खाली. हाच निवडला. डिव्हाइस ट्रीत ‘आरटीएस-जीपीआयओज’ म्हणून डीईची पिन दिली, शून्याला नव्हे तर एकला सक्रिय असा उल्लेख केला, आणि ‘लिनक्स,आरएस४८५-एनेबल्ड-ॲट-बूट-टाइम’ ही नोंद घातली. ॲप्लिकेशनमधला जीपीआयओचा कोड पूर्ण काढला.

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला, या ड्रायव्हरला आरएस-४८५ साठी आरटीएसची रेष लागतेच: एकतर स्वतःची, नाहीतर जीपीआयओवरची. आधीच्या दुरुस्तीत ‘यूएआरटी-हॅज-आरटीएससीटीएस’ काढून टाकलं आणि ‘आरटीएस-जीपीआयओज’ दिलं नाही, तर आरएस-४८५ चालू होत नाही. कर्नलच्या आवृत्तीनुसार कधी त्रुटी परत येते, कधी फ्लॅग गुपचूप उतरवला जातो. म्हणून ॲप्लिकेशन सुरू होताना टीआयओसीजीआरएस४८५ ने फ्लॅग वाचून पाहतं आणि तो नसेल तर पुढे जात नाही.

दुसरा, दिशेची उलटापालट. ॲप्लिकेशनने शून्य भरलेल्या रचनेत फक्त ‘चालू’चा फ्लॅग लावून टीआयओसीएसआरएस४८५ केलं, तर ‘पाठवताना आरटीएस वर’ हा फ्लॅग सुटतो. जुन्या कर्नलवर डीई चुकीची वागू शकते. ती उलटी झाली तर पाठवताना खाली, एरवी वर. मग गेटवे मोकळ्या वेळात बस अडवून धरतो आणि बाकी कोणालाच बोलता येत नाही. हे मल्टिमीटरनेही ओळखता येतं. मोकळ्या बसवर ए आणि बी या दोन तारांमध्ये बायसचे काही शेकडा मिलिव्होल्ट अपेक्षित असतात. तिथे दीड व्होल्ट किंवा जास्त सतत दिसला तर कोणीतरी ड्रायव्हर चालू ठेवलाय. टीमने ॲप्लिकेशनला हे लिहूच दिलं नाही. सेटिंग डिव्हाइस ट्रीत, ॲप्लिकेशन फक्त वाचणार.

## निष्पत्ती

नव्या इमेजवर डीई फ्रेमच्या आधी उठते आणि शेवटच्या स्टॉप बिटनंतर एका अक्षराच्या वेळेच्या आत पडते. चपळ मीटरसकट सगळे उत्तर देऊ लागले. सेवा ताबडतोब थांबते आणि ॲप्लिकेशन गोठणं बंद झालं. तपासणीला गेलेले दोन्ही बोर्ड जसे होते तसे परत येऊन चालू लागले.

एक गोष्ट सॉफ्टवेअरने सुटली नाही. पॉवर आल्यापासून कर्नल पोर्ट ताब्यात घेईपर्यंत डीईची पातळी ठरलेली नसते. त्या काही सेकंदांत ती वर तरंगली तर बस अडते. बसवर गेटवे एकटाच मास्टर असल्याने सध्या ते चालून गेलं, पण पुढच्या आवृत्तीत डीईला १० किलोओहमचा पुल-डाउन घालायचं ठरलं.

## काय वेगळं करता आलं असतं

बोर्ड तपासणीला पाठवायचा निर्णय प्रॉकमधली एक ओळ वाचण्याआधी झाला. तो क्रम उलटा हवा होता. टीएक्सचा आकडा शून्य असताना तांब्याचा मार्ग तपासण्यात हशील नव्हतं.

‘किरकोळ बग’ वेगळ्या यादीत टाकणं जास्त महागात पडलं. ३० सेकंद हा आकडा इतका गोल आहे की तो कुठूनतरी ठरवून आलेला असणार, हे कोणीतरी विचारायला हवं होतं. साडेआठ मिनिटं गुणिले सेकंदाला ८ बाइट हा हिशेब तर कागदावर होण्यासारखा होता, आणि उत्तर ४०९६ च्या आसपास आलं असतं तर बफर आपोआप डोळ्यांपुढे आला असता.

पिन मोजताना नावाऐवजी दिशा पाहायची, हे टीमने आपल्या तपासणीच्या कागदात घातलं. त्यात आणखी एक सोपी पायरी वाढवली. फ्लो कंट्रोल बंद केल्यावर पोर्टवर ब्रेक पाठवायचा. टीसीसेंडब्रेक टीएक्स रेष पाव ते अर्धा सेकंद खाली धरतं, आणि साध्या मल्टिमीटरचा काटाही तेवढ्यात हलतो. पिनमक्स आणि पॅड ठीक आहेत का हे स्कोपशिवाय कळतं.

विकासासाठी यूएसबी अडॅप्टर वापरण्यात चूक नव्हती. त्यावर पास झालेल्या चाचणीला ‘सिरीयलचा भाग पूर्ण’ असं म्हणणं मात्र चुकलं. आता तो टप्पा लक्ष्य बोर्डावरच आणि दोन मीटर लावून बंद होतो. त्यातला एक मुद्दाम सर्वांत लवकर उत्तर देणारा असतो. उत्पादनाच्या चाचणीत ॲप्लिकेशन दहा मिनिटं मीटर न जोडता चालवून सेवा थांबवली जाते. थांबायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर बोर्ड पुढे जात नाही.